बहिणीचा शब्द

फोआ बेट, हाआपाई, टोंगा
९ फेब्रुवारी १९७४

लाडक्या तोकिलुपे आत्या,

आईच्या वतीनं लिहायचं ते आधी उरकते: कापड मिळालं, आई खूश आहे, बाबा नेहमीसारखे काही बोलले नाहीत. झालं. आता माझं ऐक.

आपल्या घरामागे निरफणसाच्या झाडापलीकडे एक नवी झोपडी उभी राहिली आहे, झावळ्यांची. केपू आणि फोलाऊ बांधत होते तेव्हा मला वाटलं डुकरांसाठी असेल. मग एका संध्याकाळी तिन्ही भाऊ आपापल्या चटया गुंडाळून तिकडे झोपायला गेले. तिघंही! केपू वीस वर्षांचा आहे, त्याचं एक वेळ ठीक. फोलाऊ माझ्याहून वर्षानंच मोठा. पण वाएआ? बारा वर्षांचा वाएआ, ज्याचं नाक पुसत मी मोठी झाले, तोसुद्धा उशी काखेत मारून निघाला. मी हाक मारली तर म्हणतो, "केपू म्हणाला, आता असं बोलायचं नाही."

"असं म्हणजे कसं?"

"असं म्हणजे... कसंही."

कारण तुला कळलं असेलच. मी मोठी झाले, डिसेंबरात. आईनं बाबांना सांगितलं, बाबांनी केपूला, आणि एका दिवसात माझे भाऊ गेले. आत्या, गेल्या वर्षीपर्यंत ओहोटीला मी आणि फोलाऊ खडकांवर ऑक्टोपस पकडायला जायचो. चेंडू मी त्याच्याहून लांब फेकते, विचार कुणालाही. आता मी समोर आले की तिघं असे ताठ बसतात जणू पाद्रीबाबा आले. थट्टा बंद, शिव्या बंद. जेवताना सगळ्यात चांगला मासा माझ्यापुढे येतो. मला नको आहे तो मासा!

फोलाऊ परवाच्या जहाजानं राजधानीच्या शाळेत गेला. धक्क्यावर सगळ्यांना मिठ्या मारल्या. माझ्यापुढे आला, मान खाली घातली आणि गेला.

मला कुणी काही विचारलं का? तुलाही भाऊ आहे, बाबाच. तुझंही असंच झालं होतं का? मग तू काय केलंस?

तुझी,
लोसालिने


ऑकलंड
३ मार्च १९७४

लोसा पोरी,

हो, माझंही झालं होतं. तू काय केलंस, म्हणून विचारतेस. रडले. मग सवय झाली. तुझा बाप आणि मी एका पोहऱ्यातलं पाणी पिऊन वाढलो, आणि मग एका दिवशी तो मला पाहिलं की वाट बदलायला लागला. मला वाटलं, माझ्या अंगाला वास येतो की काय!

पण तू त्याला 'गेले' म्हणतेस ते चूक. तुझं स्थान त्यांच्या वर आहे म्हणून ते मान खाली घालतात. उद्या केपूची पोरं त्याला घाबरणार नाहीत, तुला घाबरतील. बहिणीनं शब्द टाकला की भावानं 'का' विचारायचं नसतं. इथे बिस्किटांच्या कारखान्यात मी दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभी असते आणि मुकादम मला 'ए' म्हणून हाक मारतो, तेव्हा मला आठवतं की एका बेटावर माझ्यासाठी एक माणूस मान खाली घालायचा. मासा खा तो. गुपचूप खा.

बाबा काही बोलले नाहीत हे वाचलं. बरं.

माझा रॉय ठीक आहे, बसगाड्या दुरुस्त करून काळा होऊन घरी येतो. बाळाला दात येताहेत. रॉयबद्दल बाबांना काही सांगू नकोस. म्हणजे त्यांना माहीत आहे, पण सांगू नकोस.

आत्या


फोआ
४ मे १९७४

आत्या,

तू लिहिलेलं सगळं मी तीन वेळा वाचलं आणि मला काही बरं वाटलं नाही.

शेजारच्या बेटावर, पांगाईच्या सभागृहात सिनेमा आला होता. माझ्या मैत्रिणीची, मेलेआनेची, आई आम्हा दोघींना घेऊन गेली. ओहोटी धरून चालत गेलो, चपला हातात. फोलाऊ सुट्टीत घरी आलेला, तो केपू आणि वाएआबरोबर आधीच पुढे गेला होता, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीतच आहे, फोलाऊ सिनेमासाठी किती वेडा आहे! एकदा पाहिला की महिनाभर सगळ्यांची सोंगं करून दाखवतो. मला दाखवायचा. पूर्वी.

आम्ही मागे बसलो. दिवे चालू होते अजून. केपूनं मागे वळून पाहिलं, मी दिसले, आणि तो उठला. मग फोलाऊ. मग वाएआ. एक शब्द नाही. तिकिटं काढलेली, चांगल्या जागा धरलेल्या, आणि तिघं रांगेनं बाहेर. सगळं सभागृह बघतंय. बायका माझ्याकडे बघून कौतुकानं मान डोलावतायत, "काय पोरं आहेत! बहिणीचा मान ठेवतात." आणि मला वाटत होतं जमीन फाटावी.

पडद्यावर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. मी दाराकडे बघत होते. मध्येच उठून बाहेर गेले, म्हटलं मी घरी जाते, तुम्ही बसा. तर ते निघून गेले होते, भरती यायच्या आत पाणी ओलांडायला.

हा मान आहे? माझ्यामुळे त्यांना सिनेमा नाही, घरात झोपणं नाही, हसणं नाही. मी काय साथीचा रोग आहे?

घरात बसवत नाही, बाहेर कुठे जावं कळत नाही. आई म्हणते चटई विण, मन लागेल. केवड्याची पानं सोलते आणि ती हातातच चुरगळतात.

लोसा


ऑकलंड
२६ मे १९७४

लोसा,

तुझं पत्र वाचून मी रॉयला म्हटलं, या पोरीचा जीव कुणात तरी अडकलाय. तो म्हणाला, तिला फक्त सिनेमा पाहायचा असेल. पुरुषांना काय कळतं? खरं सांग, कोण आहे? त्या सभागृहात तू कुणाला भेटायला गेली होतीस? असेल तर भावांना कळू देऊ नकोस. त्या मुलाच्या हाडांचा भुगा होईल.

नसेल तर माझं ऐक. वर्ष संपलं की इकडे ये. बाळ सांभाळायला मला माणूस हवंय आणि तू तिथे पिंजऱ्यातल्या कोंबडीसारखी फेऱ्या मारतेयस. आईला मी लिहिते. बाबांना आईच विचारेल.

आत्या


फोआ
२ जुलै १९७४

आत्या,

कुणी मुलगा नाही! रॉयकाकांना सांग, ते बरोबर होते.

आणि हो, मी येते. लगेच येते. या घरात आता श्वास घेता येत नाही.

फोलाऊला शाळेतून काढलं. गेल्या आठवड्याच्या जहाजानं ट्रंक घेऊन परत आला. हेडमास्तरांची चिठ्ठी बरोबर: एका मुलाला मारलं, जबडा मोडला. बाबांनी त्याला अंगणात उभं केलं. मी स्वयंपाकाच्या झोपडीत होते, सगळं ऐकलं.

"का मारलंस?"

गप्प.

"त्यानं तुला मारलं होतं?"

"नाही."

"तुझं काही चोरलं?"

"नाही."

"मग का? मी रविवारी चर्चमध्ये उभा राहून लोकांना काय सांगू?"

मान खाली. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "जो बापाला उत्तर देत नाही त्याला या घरात जेवण नाही." फोलाऊनं ट्रंक उचलली. तो पलीकडे हाआनो बेटावर मामाकडे राहतोय, खोबरं वाळवायला. बाबांनी सांगितलंय, त्याचं नाव घ्यायचं नाही. आई रात्रंदिवस रडते, पण नाव घेत नाही.

आणि मला राग बाबांचा नाही, फोलाऊचा येतोय. आपल्या घरातून पहिला मुलगा त्या शाळेत गेला होता. मला पाठवलं असतं तर मी बेंचला चिकटून बसले असते. आणि हा मारामारी करतो, वर तोंड शिवून उभा राहतो! मामाकडे जाणाऱ्या होडीत आई त्याच्यासाठी जेवण देत होती, ते नेऊन द्यायला मला सांगितलं. मी नाही गेले. खाऊ दे खोबरं.

लोसा


ऑकलंड
२८ जुलै १९७४

लोसा,

फोलाऊवर रागावू नकोस. जेवण पाठव. स्वतःच्या हातानं टोपली भरून पाठव. मी सांगते म्हणून.

का, ते विचारू नकोस.

इथे थंडी आहे. बाळाला खोकला. तिकिटाचं बघतेय.

आत्या


फोआ
२५ ऑगस्ट १९७४

आत्या,

तू इतकं छोटं पत्र कधी लिहीत नाहीस. तुला काहीतरी माहीत आहे. ऑकलंडमध्ये बसून तुला माहीत आहे आणि इथे मला नाही!

मग मी विचार केला, केपूलाही माहीत असणार. वाएआलाही. तेव्हा काय केलं ऐक, आणि आईला लिहू नकोस.

शनिवारी दुपारी केपू आणि वाएआ त्यांच्या झोपडीत पडले होते. मी गेले आणि दारात बसले. हो, दारात. पाय पसरून. आत पाऊल टाकलं नाही, पण मला ओलांडल्याशिवाय त्यांना बाहेर येता येईना, आणि बहिणीला ते ओलांडणार कसे?

केपू आतून म्हणाला, "तू इथे बसू नयेस."

मी म्हटलं, "फोलाऊनं त्या मुलाला का मारलं?"

ऊन सरकलं. आईनं जेवायला हाक मारली, मी उठले नाही. वाएआच्या पोटात कावळे ओरडत होते, मला बाहेर ऐकू येत होतं. शेवटी मी म्हटलं, "मी बहीण म्हणून सांगतेय. तुमच्यापैकी कुणीतरी बोला."

तेव्हा केपूनं काय करावं? त्यानं मागची भिंत फाडली! झावळ्या ओरबाडून काढल्या आणि त्या भोकातून पळून गेला, एवढा वीस वर्षांचा धटिंगण. ते शब्द माझ्यासमोर ऐकायची वेळ येऊ नये म्हणून.

वाएआ राहिला. माझ्याकडे पाठ करून, भिंतीला कपाळ टेकवून बोलला. "शाळेत एकानं तुझं नाव घेतलं. घाण बोलला. सगळ्यांसमोर." आणि रडायला लागला. मीपण.

तुला हेच माहीत होतं ना? कुणी सांगितलं तुला?

आता कळलं, तो गप्प का उभा होता. बाबांच्या तोंडावर ते शब्द कसे उच्चारणार? माझ्याबद्दलचे? मी पाच पावलांवर स्वयंपाकघरात असताना?

पण आत्या, मला त्याचा राग अजून येतोय, जास्तच येतोय. कुणी सांगितलं होतं त्याला? माझ्या शेजारी बसून सिनेमा बघता येत नाही, पण माझ्यासाठी शाळा फेकून देता येते! त्या मुलानं मला पाहिलेलंसुद्धा नाही. बोलून बोलून काय बोलला असेल? फोलाऊनं फक्त मला विचारायला हवं होतं. मी म्हटलं असतं, बोलू दे गाढवाला, तू पेपर लिही.

टोपली पाठवली. दोन पाठवल्या.

आता तू बाबांना सांग. मी नाही सांगू शकत, केपू नाही, आई तर नाहीच. तू त्यांची बहीण आहेस. तुझं स्थान वर आहे, तूच म्हणतेस.

लोसा


ऑकलंड
१८ सप्टेंबर १९७४

लोसा,

हो, मला माहीत होतं. त्या जबडा मोडलेल्या मुलाची मामी आमच्या चर्चमध्ये येते. तिनंच लाजेनं सांगितलं. तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी गप्प बसले.

बाबांना मी ते सांगू शकत नाही. विचार कर. तुला फोलाऊ तसा मला तो. बहिणीच्या तोंडून भावाच्या कानी असली गोष्ट? नाही.

तू म्हणशील, कारण सांगू नकोस, नुसता हुकूम कर. तो मला करता येतो. पण ऐक. आठ वर्षांपूर्वी मी इकडे आले. पाच वर्षांपूर्वी रॉयशी लग्न केलं, भावाला न विचारता, न कळवता. मला त्याचा पश्चात्ताप नाही, माणूस सोन्यासारखा आहे. पण त्या दिवसापासून तुझ्या बापानं मला एक अक्षर लिहिलेलं नाही. मी कापड पाठवते ते तुझ्या आईच्या नावानं. तो ते अंगावर घालतो की नाही, तेही मी कधी विचारलं नाही.

मी त्याची बहीण उरले आहे का, हे मला माहीत नाही. जोवर मी काही मागत नाही तोवर उरले आहे असं मानता येतं. मी शब्द टाकला आणि त्यानं तो उचलला नाही तर? मग मी फक्त बिस्किटांच्या पट्ट्यासमोर उभी राहणारी एक बाई.

मला हे मागू नकोस.

आत्या


फोआ
६ ऑक्टोबर १९७४

आत्या,

मग मासा खा, मान घे, हे सगळं कशाला सांगितलंस मला? मान म्हणजे जपून ठेवायची बशी आहे का, फुटेल म्हणून तिच्यात कधी वाढायचंच नाही? माझ्या भावांनी त्याच्यापायी घर सोडलं, एकानं शाळा सोडली. आणि तुला एक ओळ लिहायची भीती वाटते.

फोलाऊ आजारी आहे. पायात काटा गेला होता, पाय सुजलाय. मामाचा निरोप आला, आई ऐकून भिंतीकडे तोंड करून बसली. बाबांनी निरोप ऐकला आणि जाळं दुरुस्त करायला बसले. एकच गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली, मी पाहिलं. त्यांना जायचंय, आत्या. त्यांनी स्वतःच दार लावून घेतलंय आणि ते उघडायला त्यांना कुणीतरी सांगायला हवंय. त्यांना सांगू शकेल असं या जगात एकच माणूस आहे.

तू लिहिणार नसशील तर मी ऑकलंडला येणार नाही.

लोसालिने


फोआ
१ डिसेंबर १९७४

आत्या,

तुझं पत्र आलं. माझ्या नावानं नाही, त्यांच्या.

पोस्टातून वाएआनं आणलं. बाबांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि ते तसंच हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मग समुद्राकडे तोंड करून उघडलं. एकच ओळ असणार, कारण क्षणात वाचून झाली. घडी केली, खिशात ठेवली. कुणाला काही बोलले नाहीत. जेवले. दुसऱ्या दिवशी पण काही नाही. मी तुझ्यासाठी मनातल्या मनात मरत होते. वाटलं, मीच तुला हे करायला लावलं आणि आता तुझं जे काही उरलं होतं तेही गेलं.

तिसऱ्या दिवशी रविवार. प्रवचन बाबांचं होतं. घंटा वाजली, आम्ही पांढरे कपडे करून, कमरेला चटया बांधून उभे. बाबा बाहेर आले. त्यांनीही कमरेला चटई बांधली होती, पण आपली रोजची नाही, जुनी मोठी फाटकी. मयताला, नाहीतर माफी मागायला जाताना बांधतात ती. केपूला म्हणाले, "होडी काढ."

केपू म्हणाला, "आज रविवार आहे."

"माझ्या बहिणीनं सांगितलंय," बाबा म्हणाले. बस, एवढंच.

रविवारी आपल्या बेटावरून होडी निघालेली मी जन्मात पाहिली नव्हती. चर्चमधले लोक किनाऱ्यावर येऊन बघत होते. प्रवचन दुसऱ्या कुणी केलं.

मामी सांगत होती, बाबा मामाच्या अंगणात गेले, फोलाऊ चटईवर पाय पसरून बसला होता. त्याला उठता येईना. बाबा त्याच्यासमोर खाली बसले. का मारलंस, कुणाला मारलंस, काही विचारलं नाही. "चल," म्हणाले. आणि त्याला पाठीवर घेऊन होडीपर्यंत आले.

आता तो इथे झोपडीत आहे. पायाची सूज उतरतेय. मी काल कुंपणाच्या अलीकडे उभी राहिले, तो पलीकडे, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "फेब्रुवारीत पांगाईच्या शाळेत नाव घाल आणि परीक्षा दे. आणि पुन्हा माझ्यासाठी कुणाला मारायचं नाही. मी बहीण म्हणून सांगतेय."

तो "हो" म्हणाला. लगेच. ना वाद, ना थट्टा. गेल्या वर्षी असं म्हटलं असतं तर डोक्यात नारळाची करवंटी मारली असती त्यानं. आत्या, मला तेव्हा कळलं की तो आता नेहमीच हो म्हणणार. मी काहीही मागितलं तरी. मला घाबरायलाच झालं. रात्रभर विचार केला, चुकीचं काही मागितलं तर? तुलाही असंच वाटत होतं का?

मी येते ऑकलंडला, पण एका वर्षासाठीच. शाळा असेल तर. बाळ सांभाळीन आणि शाळेत जाईन. केपूचं लग्न ठरतंय, त्याला पोरं झाली की मला इथे असायला हवं, नाहीतर ती घाबरणार कुणाला?

पत्र बंद करणार तेवढ्यात बाबा येऊन बाजूला उभे राहिले. म्हणाले, "तिला लिहितेयस?" मी हो म्हटलं. "लिही, तिनं सांगितलं ते झालं." मग जायला वळले, परत फिरले. "आणि विचार, तिचा तो नवरा... कोनफळ खातो का? यंदा चांगली लागलीत. जहाज जातंय."

लोसा


ऑकलंड
२२ डिसेंबर १९७४

लोसा,

भावाला सांग, खातो.

आत्या